गुलमर्ग : सकाळचा बर्फ आणि परतीची वेळ

मराठी कुटुंबाची काश्मीरची सहल बहुधा मे महिन्यातच ठरते. शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, निकाल हाती पडतो न पडतो तोच बॅगा भरल्या जातात आणि मुंबई-पुण्याच्या उकाड्यातून सुटलेली मंडळी गुलमर्गला पोहोचतात ती 'बर्फ बघायला'. बर्फ दिसतोही. गोंडोलात बसून वर गेले की अफरवट पर्वताच्या घळींमधून पांढरे पट्टे उरलेले असतात. मात्र हा बर्फ घोड्यांच्या टापांनी तुडवलेला, कडेला मळलेला, दुपारपर्यंत पाणी सुटलेला असतो. भाड्याचा लांब कोट आणि गमबूट घालून त्यावर दहा मिनिटे स्लेजवर घसरायचे, फोटो काढायचे, मक्याचे कणीस खायचे आणि उतरायचे. सहल झाली!

याच उतारांवर दोन महिने आधी माणसे स्की लावून सुसाट उतरत होती, हे तेव्हा कुणीतरी स्लेजवाला सांगतो आणि घरातली तरुण मंडळी हळहळतात. "मग आपण तेव्हाच का नाही आलो?" या प्रश्नाला आईवडिलांकडे शाळेच्या वेळापत्रकाखेरीज उत्तर नसते.

आता मात्र मार्चमध्ये गुलमर्गला येणारी मराठी कुटुंबे अधूनमधून दिसतात. बारावीची परीक्षा मार्चच्या मध्याला आटोपली की प्रवेश परीक्षांची धावपळ सुरू होण्यापूर्वी काही दिवस मोकळे मिळतात. धाकट्याची शाळेतून रजा काढली की झाले! ज्यांना नुसता बर्फ पाहायचा नाही, तर त्यावर पाय ठेवून काहीतरी शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हे दिवस खरोखर चांगले आहेत. थंडी सोसण्याजोगी झालेली असते, दिवस मोठा झालेला असतो आणि बर्फही पुष्कळ असतो. फक्त हा बर्फ घड्याळ लावून वागतो. ते घड्याळ ज्याला कळले त्याची सहल सुखाची होते.

चिल्लई संपल्यावर

काश्मिरी माणूस हिवाळा महिन्यांनी मोजत नाही, चिल्लईने मोजतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची चिल्लई कलान, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवसांची चिल्लई खुर्द, धाकटी. आणि शेवटी दहा दिवसांची चिल्लई बच्चा, अगदी शेंडेफळ! फेब्रुवारी सरता सरता हे सत्तर दिवस संपतात. गुलमर्गचा खरा भरीव बर्फ पडतो तो याच काळात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी ढगांमुळे. जानेवारी-फेब्रुवारीतला तो कोरडा, पिठासारखा बर्फ अनुभवी स्कीपटूंना वेड लावतो आणि त्यासाठी युरोप-अमेरिकेहून माणसे येतात. नवशिक्याला मात्र त्या दिवसांत बोटे बधिर करणारी थंडी, बंद पडणारे रस्ते आणि रद्द होणारी विमाने यांचाच अनुभव जास्त येण्याची शक्यता असते.

मार्चमध्ये चित्र पालटते. श्रीनगरला बदामाची झाडे फुलतात, महिनाअखेरीस दल सरोवराजवळची ट्यूलिपची बाग उघडते आणि तिथून अवघ्या पन्नास किलोमीटरवर गुलमर्ग अजून पांढरे असते. वाटेत टंगमर्ग लागते. तिथून चढाचे तेरा किलोमीटर उरतात. रस्त्यावर बर्फ असला की इथेच साधी गाडी सोडून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसावे लागते. कोट-बुटांची भाड्याची दुकानेही इथेच आहेत. गिऱ्हाईक दिसताच दुकानदार हाका मारू लागतात. घासाघीस करायला हरकत नाही, पण बूट पायात घालून, आत ओल नाही ना हे पाहून मगच घ्यावेत. ओल्या बुटाने सबंध दिवस जातो.

गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक किलोमीटर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला, सुमारे ३,०८० मीटरवर सोडतो आणि दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. एकावर एक दोन कळसूबाई ठेवले तरी तिथे पोहोचत नाहीत! श्रीनगरहून सकाळी निघून त्याच दिवशी थेट दुसऱ्या टप्प्यावर जाणाऱ्यांपैकी काहींचे डोके दुखते, मळमळते, ते याच कारणाने. एक रात्र गुलमर्गमध्ये काढून मग वर जावे हे बरे.

इथे स्कीइंग काही नवे नाही. १९२७ साली दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब सुरू केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये लष्कराने इथे स्की शाळा काढली, तीच पुढे उंच पर्वतांवरील युद्धाचे शिक्षण देणारी संस्था झाली. गोंडोलाचे काम फ्रेंच कंपनीच्या मदतीने सुरू झाले, पण अशांततेच्या वर्षांत ते रखडले. पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये चालू झाला. आणि इथली पोरे स्कीइंगमध्ये कुठवर गेली? गुलमुस्तफा देव १९८८ मध्ये कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले. टंगमर्गजवळचा आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू होता. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान. जायंट स्लालममध्ये तो पंचेचाळिसावा आला. आपल्याकडे क्रिकेटपलीकडच्या बातम्यांना जागा कमी असते, त्यामुळे हे अनेकांना ठाऊकच नसते.

बर्फाचे घड्याळ

वसंतातला बर्फ समजून घ्यायचा तर आपल्या घरच्या फ्रीजमधला बर्फ आठवावा. दिवसा वरचा थर ऊन लागून वितळतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर तापमान शून्याखाली जाते आणि तेच पाणी पुन्हा गोठते. असे रोज वितळून रोज गोठले की बर्फाचे कण मोठे, गोल, साबुदाण्यासारखे होतात. पहाटे हा सगळा थर दगडासारखा कडक असतो. त्यावर स्की नुसती खडखडते, कड रुतत नाही आणि पडलेला माणूस कोपर सोलून घेतो. ऊन आले की वरची दोन-तीन सेंटिमीटरची साय तेवढी मऊ होते, खाली मात्र कणखर पाया राहतो. वसंतातल्या स्कीइंगची खरी वेळ ती. वळण आपोआप घेता येते, पडले तरी लागत नाही, नवशिक्याला वाटते आपल्याला जमले!

पण ही वेळ फार टिकत नाही. स्वच्छ दिवशी साधारण साडेनऊ-दहा ते बारापर्यंत. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन आधी येते, तिथे ती लवकर सुरू होते आणि लवकर संपते. झाडांच्या सावलीत किंवा पश्चिमेच्या अंगाला थोडी उशिरा येते. दुपार झाली की पाणी खोल मुरते, बर्फाचा चिखल होतो आणि स्की त्यात अडकू लागते. शरीर पुढे जाते आणि पाय मागे राहतो. गुडघे दुखावतात ते अशाच वेळी, थकलेल्या पायांनी, 'शेवटची एक फेरी' घेताना.

या 'शेवटच्या एका फेरी'चे नाट्य गुलमर्गच्या मैदानात रोज पाहायला मिळते. ठाण्याहून आलेले एक कुटुंब. वडील पंचेचाळिशीचे, आई, बारावीची परीक्षा देऊन सुटलेली मुलगी आणि सहावीतला मुलगा. चौथा दिवस. पहिल्या दिवशी बूट चढवतानाच दमलेले वडील आता स्कींची टोके जुळवून, टाचा फाकवून ब्रेक लावायला शिकले होते आणि त्यांना थांबवणे कठीण झाले होते. साडेबारा वाजले तसा प्रशिक्षक म्हणाला, "सर, आता बर्फ पकडायला लागलाय. आजचं बास. उद्या सकाळी या."

"अहो, पण पैसे दिवसभराचे भरलेत ना!" वडील म्हणाले.

"पैसे भरलेत म्हणून पाय मोडून घ्यायचा का?" आईने खालूनच विचारले. मुलगी हसली. धाकट्याने मात्र वडिलांची बाजू घेतली, कारण त्यालाही एक फेरी हवी होती.

प्रशिक्षकाने वाद घातला नाही. त्याने शांतपणे आपल्या स्की काढल्या आणि खांद्यावर टाकल्या. शिकवणाराच चालत निघाला म्हटल्यावर वडिलांचा नाइलाज झाला. पंधरा मिनिटांनी, गरम कहव्याचा कप हातात असताना, त्याच उतारावरून दुसऱ्या एका पर्यटकाला दोघांनी धरून खाली आणलेले त्यांनी पाहिले. पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मुलांच्या आधी तयार होते!

वरच्या उतारांवर

मैदानातली चूक गुडघ्यावर निभावते. अफरवटवरची तशी निभावत नाही. तिथे आखलेल्या मार्गाच्या बाहेर उघडे, तीव्र उतार आहेत आणि हिमस्खलन ही तिथली नेहमीची भीती. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गजवळ सराव करणाऱ्या लष्कराच्या तुकडीवर हिमकडा कोसळून सतरा जवान गेले. ते तर बर्फात राहण्याचेच शिक्षण घेत होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले, इतर अनेकांना वाचवता आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू दगावला.

या घटना भर हिवाळ्यातल्या. वसंतातले स्खलन वेगळ्या तऱ्हेचे असते. बर्फ पाण्याने जड होतो, थराथरांमधली पकड सैल पडते आणि दुपारच्या उन्हात अख्खा उतार ओल्या सिमेंटसारखा सरकू लागतो. त्याचा वेग कमी असला तरी वजन भयंकर. सुदैवाने तो आधी इशारे देतो. झाडांखालून, खडकांजवळून बर्फाचे लहान-मोठे गोळे आपोआप गडगडत खाली येऊ लागले, बूट घोट्याच्या वर रुतू लागला, तर वर जायचे नाही, असलो तर उतरायचे. आणखी एक खूण सकाळीच मिळते. रात्रभर आकाश ढगाळ राहिले तर बर्फ गोठतच नाही. पहाटे बाहेर पाऊल टाकले आणि ते कडक न वाजता भसकन आत गेले, तर त्या दिवशी दहा वाजतासुद्धा वरचे उतार सुरक्षित मानू नयेत. पाऊस पडला असेल तर मुळीच नाही.

जाणकार मंडळी म्हणूनच वर चढतानाच परतीची वेळ ठरवून टाकतात. बारा म्हणजे बारा. शिखर पन्नास पावलांवर असो नाहीतर पाचशे. ही शिस्त आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकरना नवी नाही, अंधार पडण्याआधी खाली यायचे हे तेही पाळतात. फरक इतकाच की तिथे संध्याकाळची भीती असते, इथे दुपारची.

हिमस्खलनाचे इशारे संरक्षण संशोधन संस्थेची चंडीगढची शाखा देते. गुलमर्गला स्की पेट्रोलची माणसे रोज उतार पाहतात. गोंडोला सुरू आहे म्हणजे सगळा डोंगर मोकळा आहे, असा समज पर्यटकांमध्ये फार असतो. तो चुकीचा. आखलेल्या मार्गाबाहेर जायचे तर स्थानिक गाइड हवा, अंगावर शोधयंत्र हवे, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसायची सळई हवी आणि ती वापरता यायला हवी. कुटुंबासह आलेल्या नवशिक्यांनी हा विचारही करू नये. त्यांनी दुसऱ्या टप्प्यावर गोंडोलाने जावे, पीरपंजालच्या रांगा डोळे भरून पाहाव्यात, गोंडोलानेच खाली यावे. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद होतो, त्यावर कटकट करू नये. जून २०१७ मध्ये जोराच्या वाऱ्यात झाड तारेवर पडून सात जणांचा जीव गेला होता.

नेमके कधी यायचे?

खरे तर यायचे कधी याचेही उत्तर आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये, चिल्लई कलान चालू असताना, गुलमर्गच्या मैदानात पिवळे गवत दिसत होते. महिनाअखेरीस बर्फ आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. २०२५ मध्ये 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. बर्फ नाही म्हणून तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्चला पार पडला. ज्या गावात प्रशिक्षक, स्लेज ओढणारे, घोडेवाले, सामान भाड्याने देणारे अशी घरेच्या घरे या अडीच-तीन महिन्यांवर वर्ष काढतात, तिथे पंधरा दिवस बर्फ उशिरा येणे म्हणजे आपल्याकडे मृग कोरडा जाण्यासारखे आहे. मैदानातला प्रशिक्षक वारंवार आकाशाकडे पाहतो ते उगाच नाही.

तरीही अंदाज बांधायचाच तर, शिकण्यासाठी येणाऱ्या कुटुंबाला मार्चचा पहिला पंधरवडा सर्वात खात्रीचा. खालच्या मैदानात, जिथे नवशिके शिकतात, तिथे बर्फ भरपूर असण्याची शक्यता तेव्हा असते. तिसऱ्या आठवड्यात तो ठिकठिकाणी फाटू लागतो, तरी कोंगदूरीला टिकून असतो. एप्रिल लागला की खेळ बहुतेक वरच्या, म्हणजे तरबेज लोकांच्या उतारांवर सरकतो. ट्यूलिप आणि स्की दोन्ही साधायचे म्हणून महिनाअखेरचे आरक्षण करणारे पुष्कळ आहेत. त्यांना ट्यूलिप हमखास मिळतात!

चार दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर शिकण्याचा अट्टहास नको. पहिला दिवस बूट आणि तोल यांत जातो, दुसरा पडण्यात. तिसऱ्या दिवशी कुठे गंमत कळू लागते. जास्त सवड असलेल्या तरुणांसाठी पर्यटन मंत्रालयाच्या स्कीइंग संस्थेचे वर्ग असतात. उत्तराखंडातले औली हाही पर्याय आहे. तिथून नंदादेवीचे जे दर्शन घडते त्याला तोड नाही. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथला रोपवे थांबवण्यात आला होता, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी.

काश्मीरच्या बाबतीत एक प्रश्न मात्र हवामानाचा नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला सव्वीस माणसे मारली गेली. त्यात डोंबिवली, पुणे, पनवेलची मिळून सहा माणसे होती. सुट्टीला, कुटुंबाबरोबर गेलेली माणसे. त्यानंतर अनेक मराठी घरांत काश्मीरचे नाव निघाले की जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. पुन्हा कधी जायचे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचे आहे. घाई करणाऱ्याला शूर आणि थांबणाऱ्याला भित्रा म्हणण्याचे कारण नाही. जायचे ठरलेच तर सरकारी सूचना पाहाव्यात, उघडी आणि बंद ठिकाणे कोणती ते निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावे आणि बंद ठिकाणी 'ओळखीने' नेणाऱ्याच्या नादी लागू नये.

सामानाबाबत थोडे. मार्चचे ऊन फसवे असते. उंचीमुळे अतिनील किरणे वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही लागते! हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही मलम लावावे. डोळे झाकणारा काळा चष्मा लहान मुलांनाही हवा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घालावेत. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. खाण्यासाठी घरचे लाडू-चिवडा असतोच, पण सकाळी स्थानिक बेकरीतली गरम गिरदा रोटी आणि गुलाबी, मिठाचा नून चहा एकदा चाखून पाहावा. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्या घोटाला सवय होते.

परतीचे विमान दुपारचे असेल तर आदल्या दिवशीच श्रीनगरला उतरून यावे. संध्याकाळी टंगमर्गच्या रस्त्यावर वितळलेले पाणी पुन्हा गोठू लागते आणि वळणांवर गाड्या खोळंबतात. दुपारी दोनच्या सुमारास निघाले की वाट मोकळी मिळते. तेव्हा मैदानातले वर्ग सुटलेले असतात, दुकानांपुढे ओल्या स्की उभ्या करून पोरे त्यांच्या कडा पुसत असतात.